दहा वर्षांच्या लॅबच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं का?

तुम्ही विचारलंय: लॅब्रेडोर, वय 10, वजन 38 किलो, मागच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलंय, डॉक्टर टीपीएलओ (नडगीचं हाड कापून, फिरवून प्लेटने बसवायचं ऑपरेशन) सांगतायत आणि घरचे म्हणतात या वयात कशाला कापाकापी. आमच्या घरी हाच प्रश्न दोनदा आला, तोही एकाच कुत्र्यासाठी. पहिल्यांदा ऑपरेशन केलं, दुसऱ्यांदा नाही केलं. पस्तावा दोन्हींचा नाही.

बंड्या तेव्हा साडेनऊ वर्षांचा होता. कुठे पडला नाही, उडी मारली नाही. सकाळी उठला तो पाय टेकवेनाच. खरं तर दोन महिने तो मागचा पाय बाहेर काढून, मांडी मोडल्यासारखा बसत होता आणि आम्ही ‘म्हातारा आळशी झाला’ म्हणून हसत होतो. फुटबॉल खेळताना माणसाचं हे लिगामेंट झटक्यात जातं; कुत्र्याचं बहुतेकदा दोरासारखं झिजत झिजत तुटतं. त्यामुळे लंगडणं दिसेपर्यंत सांध्यात थोडाफार संधिवात आलेलाच असतो. आमच्या पहिल्या डॉक्टरांनी ‘मुरगळलंय’ म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, त्यात पंधरा दिवस गेले. दुसऱ्यांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन गुडघा हलवून दाखवला: नडगीचं हाड टेबलाच्या खणासारखं पुढे सरकत होतं. तुमच्याकडे ही तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही; सुजलेला सांधा, संधिवात आणि हाडाचा उतार दिसतो.

तो उतारच टीपीएलओचा मुद्दा आहे. कुत्र्याच्या नडगीचा माथा मागे उतरता असतो, साधारण 25 अंश. लिगामेंट तुटलं की प्रत्येक पावलाला मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरतं. ऑपरेशनमध्ये लिगामेंट शिवत नाहीत. नडगीचा वरचा भाग गोलाकार कापून, फिरवून, उतार 5 अंशांच्या आसपास आणतात आणि प्लेट-स्क्रूने बसवतात. माझ्या आईला हे एका वाक्यात कळलं: “म्हणजे गाडी उतारावरून काढून सपाटीला लावली.”

वयाबद्दल आमच्या सर्जननी सरळ सांगितलं की भूल वय बघत नाही, हृदय-किडनी-लिव्हर बघते. रक्त, छातीचा एक्स-रे, हृदयाची सोनोग्राफी, सगळं केलं. त्यात गोचीडतापाची टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि प्लेटलेट्स कमी निघाले. तीन आठवडे औषध देऊन मग ऑपरेशन केलं. आपल्याकडे ही टेस्ट अजिबात सोडू नका. गोचीडतापाने सांधेही सुजतात आणि कुत्रं त्यानेही लंगडतं.

ऑपरेशन नको असेल तर काय? इथे वजन बोलतं. 1984 सालचा एक अभ्यास डॉक्टर अजून सांगतात: 15 किलोच्या आतली सुमारे 85 टक्के कुत्री ऑपरेशनशिवाय सुधारली, त्याहून मोठ्यांपैकी जेमतेम 19 टक्के. पण 2013 साली अमेरिकेत फक्त जाड कुत्री घेऊन, सगळ्यांचं वजन उतरवून, व्यायाम देऊन बघितलं. वर्षाने ऑपरेशन केलेल्यांपैकी तीन-चतुर्थांश बरी चालत होती, न केलेल्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश. फरक आहे, पण घरचे समजतात तसं ‘ऑपरेशन नाही म्हणजे संपलं’ असं नाही. 38 किलो हे बहुतेक लॅबना जास्तच. बंड्या 37 वरून 31 वर आला तो दोन गोष्टींनी: वाटी मोजून जेवण आणि माझ्या सासऱ्यांच्या खिशातली ग्लुकोज बिस्किटं बंद. दुसरी जास्त अवघड गेली.

ऑपरेशनपेक्षा भारी पडले नंतरचे दहा आठवडे. हाड जुळेपर्यंत पळणं नाही, सोफा नाही, जिना नाही. शी-शूला पाच मिनिटं, पट्ट्यावर, पोटाखालून जुना टॉवेल धरून. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट त्यातले चार दिवस बंद होती. तिसऱ्या मजल्यावरून 32 किलो दोघांनी उचलून नेलंय. आठव्या आठवड्याला एक्स-रे काढला, मग चालणं हळूहळू वाढवलं. चौथ्या महिन्यात तो तलावपाळीला अर्धी फेरी मारायला लागला. खर्च सगळा धरून लाखाच्या आसपास झाला.

आणि मग सव्वा वर्षाने दुसरा पाय. हे आधी सांगतात, पण आपण ऐकत नाही: एका बाजूचं गेलेल्या कुत्र्यांपैकी साधारण निम्म्यांचं दुसऱ्या बाजूचंही पुढे जातं. तेव्हा तो अकराच्या आसपास होता, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढलं होतं आणि कमरेतही ताकद उरली नव्हती. दुसरं मत घ्यायला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला गेलो. तिथून परतताना टॅक्सीतच ठरलं, नको. किडनीमुळे नेहमीची वेदनाशामकं चालणार नव्हती, म्हणून डॉक्टरांनी दुसरी दिली. तो शेवटपर्यंत थोडा लंगडला, पण दाराची बेल वाजली की सगळ्यात आधी तोच उठायचा. (घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक चुकूनही देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते.)

तुमच्या जागी मी असतो तर रिपोर्ट चांगले आले, दुसरा पाय आणि खुबा धड असला, आणि घरात दहा आठवडे रजा-पाळी लावून कुणीतरी असलं, तर 10 वर्षांच्या लॅबचं ऑपरेशन केलं असतं. यातलं एक जरी नसेल तर वजन आणि व्यायामाचा रस्ता. सर्जनला विचारा: टीपीएलओ आजवर किती केली, आणि सांधा उघडून मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) बघणार का? चालताना गुडघ्यातून ‘टक’ आवाज येत असेल तर ते आवर्जून सांगा, गादी फाटल्याची खूण असू शकते.

निर्णय व्हायला आठवडा लागेल. तोवर टाइल्सवर रबरी मॅट किंवा जुन्या सतरंज्या अंथरा, पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत सलग.