डिस्ट्रिब्युटर बदलायच्या आधी कॅप उघड

पद्मिनी गाडी सुरू होत नाही म्हणून लगेच नवा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग) आणू नकोस. आपल्या रत्नागिरीच्या पावसात दुखणं बरेचदा त्याच्या कॅपमध्येच, म्हणजे वरच्या झाकणातच, असतं. इग्निशन बंद करून कॅप काढ, आत बोट फिरव. ओल लागली तर कोरड्या फडक्याने पूस, पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) काळे पडले असतील तर बारीक पॉलिशपेपर मार. माझ्या गाडीत टर्मिनलवर हिरवट खार चढला होता, बाकी सगळं ठणठणीत!

तरी ठिणगी नाहीच, तर जुना डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी रोटरचं (कॅपखाली फिरणाऱ्या भागाचं) तोंड कुठे आहे त्याची खूण कर. वायरी एकेक करूनच नव्यावर हलव, ठिणगीचा क्रम १-३-४-२. आणि मधे कुणालाही स्टार्टर मारू देऊ नकोस. मी एकदा पुतण्याच्या हातात चावी दिली नि अख्खा रविवार टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची नेमकी वेळ, शोधत बसलो. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट शेवटी, टायमिंग लागल्यावरच आवळ.