तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचे लाकडी मॉडेल बांधताना दोरकाम कोणत्या क्रमाने करावे?

आपण विचारले आहे की, १:६४ प्रमाणातील फ्रिगेटचा, म्हणजे तीन डोलकाठ्यांच्या युद्धनौकेचा, लाकडी संच घेतला, बुडाच्या फळ्या, डेक आणि तोफा बसवून झाल्या, पण आता दोरकामाचे नकाशे उघडल्यावर कुठून सुरुवात करावी हेच कळेनासे झाले आहे, आणि संचासोबतच्या पुस्तिकेत या भागाला जेमतेम दोन पाने दिली आहेत. याच टप्प्यावर माझे पहिले जहाज दीड वर्ष कपाटावर पडून होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

नकाशा वाचताना आपण प्रत्येक दोर कुठून निघतो आणि कुठे बांधला जातो एवढेच पाहतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, हा दोर बांधून झाल्यावर माझी बोटे आणि चिमटा आणखी कुठे पोहोचणार नाहीत? सगळा क्रम या एकाच प्रश्नातून निघतो. आतून बाहेर आणि खालून वर असे काम करायचे, आणि जे टेबलावर बसून करता येईल ते जहाजावर मुळीच करायचे नाही. डोलकाठी डेकवर उभी करण्यापूर्वी तिच्यावरच्या कप्प्या, कड्या आणि पट्ट्या बांधून घ्याव्यात. यार्डांचे, म्हणजे शीड ज्यांना बांधतात त्या आडव्या काठ्यांचेही तसेच. एका मोठ्या यार्डवर दहा-बारा कप्प्या सहज येतात आणि त्या हातात धरून बांधायला एक संध्याकाळ पुरते, परंतु यार्ड वर चढल्यावर राहून गेलेली एक कप्पी बांधायला तेवढाच वेळ लागतो आणि शेजारचे दोन दोर तुटतात ते वेगळेच.

पुढच्या टोकातून तिरकी बाहेर आलेली बोस्प्रिट आधी घट्ट बांधून घ्यावी, कारण पुढच्या डोलकाठीचे ताण तिच्यावरच येतात. त्यानंतर खालच्या डोलकाठ्यांचे शराउड, म्हणजे बाजूंना उतरणारे जाड दोर. हे जोडीजोडीने लावतात. एकच दोर मधोमध दुमडून डोलकाठीच्या माथ्यावर अडकवायचा आणि त्याचे दोन्ही पाय एकाच बाजूला उतरवायचे. पहिली जोडी उजव्या बाजूची सर्वांत पुढची, दुसरी डाव्या बाजूची, मग पुन्हा उजवी, अशा क्रमाने फासे एकावर एक चढतात. पुढे झेपावणारा स्टे, म्हणजे डोलकाठीला पुढून धरणारा दोर, या सगळ्यांच्या वरून येतो. अनेक पुस्तिकांत स्टे आधी लावायला सांगितलेला असतो. तसे केल्यास माथ्यावरची रचना चुकते आणि ती नंतर सुधारता येत नाही.

शराउडच्या खालच्या टोकाला डेडआय असतात, म्हणजे तीन भोकांच्या गोल लाकडी चकत्या. वरची आणि खालची चकती यांतले अंतर सगळीकडे सारखे राहिले नाही तर ती ओळ किडक्या दातांसारखी दिसते. त्यासाठी पितळी तारेचा इंग्रजी यू अक्षरासारखा तुकडा वाकवून त्याची टोके दोन्ही चकत्यांच्या भोकांत अडकवावीत, शराउड बांधावा, आणि मगच तार काढून बारीक दोरा ओवावा. शेजारच्या सगळ्या दोरांचा ताण जुळेपर्यंत एकाही गाठीला गोंद लावू नये. तोपर्यंत टोकांना लहान चिमटे लटकवून ठेवले की त्यांच्या वजनानेच दोर सरळ राहतात. एकट्या स्टेला जोरात ओढले तर डोलकाठी पुढे झुकते, आणि हे बहुधा आपल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी लांबून पाहिल्यावर कळते.

आता रॅटलाइन, म्हणजे शराउडवरच्या दोरीच्या पायऱ्या. खऱ्या जहाजावर त्यांतले अंतर साधारण १३ ते १५ इंच असे. १:६४ प्रमाणात ते पाच ते सहा मिलिमीटर होते. तेवढ्या अंतराने रेघा मारलेला पांढरा कागद शराउडच्या मागे लावावा. मधल्या दोरांवर स्काउटमध्ये शिकवतात ती क्लोव्ह हिच बांधायची. एका बाजूला सात शराउड आणि पंचवीस पायऱ्या धरल्या तर १७५ गाठी होतात, आणि अशा सहा बाजू आहेत, शिवाय वरच्या टप्प्यांतल्या वेगळ्या. एका बैठकीत दहा पायऱ्यांपेक्षा जास्त बांधू नका, कारण थकलेला हात दोरा ओढून बांधतो आणि शराउड कमरेत आवळल्यासारखे आत येतात. माझ्या पहिल्या जहाजाचे असेच डमरू झाले होते. आता मी प्रथम प्रत्येक पाचवी पायरी बांधतो आणि मग मधल्या भरतो.

दोऱ्याच्या जाडीबद्दल एक गोष्ट फार जणांना फसवते. जुन्या कोष्टकांत दोराचे माप त्याच्या घेराचे असते, जाडीचे नव्हे. दहा इंची दोर म्हणजे दहा इंच घेराचा, म्हणजे सुमारे ८१ मिलिमीटर व्यासाचा. १:६४ प्रमाणात तो साधारण सव्वा मिलिमीटर येतो. घेर हाच व्यास समजून आणलेला दोरा तिप्पट जाड होतो आणि जहाज खेळण्यासारखे दिसू लागते. रंगाचेही सांगतो. डोलकाठ्या धरून ठेवणारे स्थिर दोर डांबर लावलेले असत, म्हणून ते गडद तपकिरी घ्यावेत. संचातला कोळशासारखा काळा दोरा मला कधीच पटला नाही. शीड आणि यार्ड हलवणारे चालते दोर तागाच्या फिकट रंगाचे असावेत.

आपण मुंबईत किंवा कोकणपट्टीत राहत असाल तर सुती दोरा टाळा. पीळ घातलेला सुती दोर ओल शोषून फुगतो आणि आखूड होतो. पावसाळ्यात तो तारेसारखा ताणला जातो आणि डिसेंबरात लोंबतो. पॉलिएस्टर दोऱ्याला हा त्रास फारसा नाही. गाठीवर सुपरग्लूऐवजी पाणी घातलेला फेविकॉल वापरावा, कारण सुपरग्लूने दोरा काचेसारखा ठिसूळ होतो आणि पांढरा डाग उमटतो. सुपरग्लूचा एकच चांगला उपयोग म्हणजे दोऱ्याचे टोक त्यात बुडवून सुईसारखे ताठ करणे. कप्पीच्या भोकातून ते झटकन जाते.

संदर्भासाठी एक खरे जहाज आवर्जून पाहावे. एचएमएस ट्रिंकोमाली हे फ्रिगेट जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधले गेले आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरले; आज ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे डोलकाठ्यांसह पाहायला मिळते. फ्रिगेटचे मॉडेल बांधणाऱ्या मराठी माणसाला याहून जवळचा नमुना नाही. इंग्लंडमधल्याच पोर्ट्समथच्या एचएमएस व्हिक्टरी या जुन्या युद्धनौकेची छायाचित्रे वापरणार असाल तर ती २०११ पूर्वीची आहेत याची खात्री करा, कारण त्या वर्षी दुरुस्तीसाठी तिच्या वरच्या डोलकाठ्या उतरवल्या गेल्या आणि त्यानंतरच्या चित्रांत निम्मे दोर दिसतच नाहीत.

शिडे लावावीत का, असे आपण विचारले नाही, पण विचाराल. पहिल्या जहाजावर लावू नयेत. संचातले कापड त्या प्रमाणात गोणपाटाइतके जाड असते आणि महिनाभराचे दोरकाम त्यामागे झाकले जाते. मात्र शिडे नसतील तर टॉपसेलचे, म्हणजे खालून दुसऱ्या शिडाचे, यार्ड खाली उतरवून बसवावे. ते वर चढवत असत शीड उघडण्यासाठीच. यार्डच्या मधोमध अर्ध्या मिलिमीटरची पितळी खीळ घालून ती डोलकाठीत रोवली की दोर ओढताना यार्ड फिरत नाही. यार्डांच्या टोकांतून निघणारे ब्रेस, म्हणजे यार्ड फिरवणारे दोर, सर्वांत बाहेरचे, म्हणून ते अगदी शेवटी. दोरांची वेटोळी जहाजावर गुंडाळत बसू नका. ती खिळ्यांभोवती वेगळी करून, पातळ फेविकॉलमध्ये भिजवून, वाळल्यावर जहाजावरच्या दोर बांधायच्या खुंट्यांवर टांगावीत.

आणि काचेची पेटी सांगताना बुडाची लांबी देऊ नका. मी ती दिली होती. पेटी आली तेव्हा बोस्प्रिट दोन इंच बाहेर राहिली, आणि सुताराने पेटीला एक लहानशी खिडकीच काढून दिली.