नागपुरात छोट्या कारखान्यासाठी एमआयडीसीचा लीज प्लॉट घ्यावा की समृद्धीजवळ मालकीची जमीन?

एमआयडीसीचा घ्या. लीजचा असला तरी, घरापासून लांब असला तरी.

तुम्ही विचारलंय की फॅब्रिकेशनच्या लहान युनिटला बुटीबोरी एमआयडीसी बरी की समृद्धी महामार्गाच्या बाजूचा खासगी लेआउट, आणि नागपूर महानगरात येणाऱ्या बिझनेस पार्कचा आपल्यासारख्यांना काय उपयोग. पहिल्या प्रश्नावर आमच्या घरात दोन भावांचे दोन कारखाने झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

हिंगण्यात भाड्याच्या शेडमध्ये आम्ही दोघं भाऊ ट्रॅक्टरच्या पार्ट्सचं जॉबवर्क करायचो. बाबा रिटायर झाले तेव्हा त्यांचे पैसे घालून स्वतःची जागा घ्यायचं ठरलं. मी बुटीबोरी म्हटलं. दादा म्हणाला, "पंच्याण्णव वर्षांची लीज? भाड्याचंच घर ते, बाप्पा!" त्याला सातबाऱ्यावर स्वतःचं नाव पाहिजे होतं. जेवणाच्या ताटावर बसून महिनोन्‌महिने हाच वाद. शेवटी पैसे वाटले, मशीन वाटल्या, आणि तो समृद्धी जिथून सुरू होतो त्या शिवमडक्याच्या बाजूला एका 'औद्योगिक पार्क'मध्ये गेला.

पार्क म्हणजे कमान, दोन्हीकडे पाम आणि नऊ मीटरचा रस्ता. दादाची पॉवर प्रेस ट्रेलरवर आली, तर ट्रेलर पहिल्याच वळणावर अडकला. मागे घेता येईना, पुढे जाईना. हायड्रा क्रेन मागवून प्रेस तिथेच उचलली आणि रांगत रांगत प्लॉटवर नेली. खरा ताप नंतरचा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हे शेतकऱ्याच्या पोरालाही माहीत असतं. लेआउटवाल्याने वर मुरमाचा थर देऊन जमीन सपाट दाखवली होती, खाली सगळी काळीच. पहिल्या पावसाळ्यात फ्लोअरिंगला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भेग गेली आणि प्रेसची लेव्हल बिघडली. लेव्हल गेली की डाय, म्हणजे साचा, एका बाजूने झिजते, तुकड्याच्या कडेला बर, म्हणजे धारदार खरखरीत कड येते, आणि कंपनीचा क्वालिटीवाला बोटाने कड चाचपून अख्खा लॉट परत पाठवतो. दादाचे दोन लॉट असे परत आले. ट्रान्सफॉर्मरचा खर्च प्लॉटधारकांनी आपसात वाटून घ्यायचा होता, आणि निम्मे प्लॉटधारक जागा नुसती धरून बसलेले. वर बँकेने औद्योगिक एनएचा, म्हणजे बिगरशेती वापराचा, आदेश मागितला, तेव्हा कळलं की जमीन अजून शेती झोनमध्येच आहे.

काळी माती माझ्याही प्लॉटवर होती. ती मी पूर्ण काढली आणि मुरूम भरून, दाबून मग फाउंडेशन घातलं. पण ट्रेलर सरळ गेटात आला, पाण्याची लाइन रस्त्यावर होती, वीज होती, आणि बँकेने त्याच लीजवर एमआयडीसीच्या संमतीने कर्ज दिलं. दादाला मी तेव्हाही हेच सांगत होतो: कारखान्याला रस्ता, पाणी, वीज आणि कर्ज लागतं, सातबारा नाही. तो अजून मानत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बिझनेस पार्कचा. याच अनुभवामुळे पार्क आखणाऱ्यांवर माझा राग आहे. एमआयडीसी १९६२ सालची. रस्ते, पाणी, मग प्लॉट, हा क्रम तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे. तरी आजही नकाशा काढताना आधी काचेची इमारत काढतात. विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आल्या, विमानांच्या दुरुस्ती-देखभालीचा एमआरओ आला, चांगलंच झालं. पण तिथेच जागा घेऊन वर्षानुवर्षं वीट न रचणारेही आहेत, आणि जमिनी दिलेल्या शिवणगावचं पुनर्वसन किती रखडलं ते सगळ्या नागपूरने पाहिलं. आता हिंगणा तालुक्यात गोधनी (रिठी) आणि लाडगावला सुमारे ६९२ हेक्टरवर 'नवीन नागपूर' होणार आहे, सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. ते बिझनेस आणि फायनान्सचं केंद्र आहे, आयटीआय झालेल्या पोराला तिथे मशीन मिळणार नाही. त्याच्यासाठी पाचशे चौरस मीटरचे प्लॉट आणि तयार गाळे आखा, आणि पहिल्या शिफ्टला पोचवणारी बस द्या. ऑफिसं मेट्रोच्या लाइनवर बांधा. दुसऱ्या टप्प्यात मेट्रो बुटीबोरी एमआयडीसीपर्यंत जाणार आहे, तिची खरी गरज आमच्या कामगारांना आहे.

एमआयडीसीत सगळं गोड आहे असं नाही. मुदतीत बांधकाम करून बीसीसी, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, घेतलं नाही तर मुदतवाढीचे पैसे भरा, प्लॉट विकायचा तर हस्तांतरण शुल्क भरा. लहान प्लॉट सहज मिळत नाहीत, आणि बाजूला मोठमोठे प्लॉट बाभळी वाढवत पडलेले असतात. हे बघून चीड येते. बांधकामाचे पैसे हातात नसतील तर प्लॉट घेऊच नका, आधी गाळा भाड्याने घ्या.

तरीही खासगी लेआउटच घ्यायचा असेल तर टोकन देण्याआधी एनएमआरडीएकडून, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून, झोन दाखला काढा, जमिनीचे कागद औद्योगिक वापराचे आहेत ना ते स्वतः वाचा, आणि जेसीबी लावून एक खड्डा खणून बघा. खणू देत नसेल तर उठून या. आणि तुम्हाला नुसतं गोदाम पाहिजे असेल, जड मशीन नसेल, तर वाडी, गोंडखैरी किंवा कापसीकडे मालकीची जागा बघायला हरकत नाही. गोदामापुरतं दादाचं म्हणणं मला मान्य आहे, तेही कागद स्वच्छ असतील तर.