निर्णय मीटिंगच्या आधीच होतो

अगं, ऑफिसच्या मीटिंगमध्ये तुझा मुद्दा दुसऱ्याने स्वतःचा म्हणून मांडला की गप्प बसू नकोस. ‘मघाशी मी हेच म्हणाले, आता पुढचं सांगते,’ एवढं शांतपणे बोल. ओबामांच्या काळात व्हाइट हाउसमधल्या महिला अधिकारी एकमेकींचे मुद्दे नाव घेऊन पुन्हा मांडायच्या. तशी जोडीदारीण शोध. खरा निर्णय बरेचदा आधीच झालेला असतो. म्हणून बजेट ज्याच्या हातात आहे त्याला आदल्या दिवशी गाठ, आकडे दाखव, शंका तिथेच मिटव. मीटिंगची टिपणं (मिनिट्स) लिहिणं दरवेळी तुझ्याच गळ्यात? ‘आज पाळी कोणाची?’ सरळ विचार. सल्ला देणारे (माझ्यासारखे!) ढीगभर भेटतात, बढतीच्या चर्चेत तुझ्या माघारी तुझं नाव घेणारा वरिष्ठ हवा. त्याला कामाचा हिशेब महिन्याकाठी चार ओळींत पाठवत जा.