ट्रस्टच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात शिकून खरंच नोकरी लागते का? आणि दान आलेले कपडे विकायचे कशाला?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक म्हणजे बहीण 41 वर्षांची आहे, लग्नानंतर पंधरा वर्षं बाहेर कुठे काम केलेलं नाही, तिला कुणीतरी सांगितलंय की परळकडे एका ट्रस्टचं वापरलेल्या वस्तूंचं दुकान आहे तिथे तीन महिने शिकायला जा, तर त्याचा काही फायदा होतो का नुसतं राबवून घेतात. आणि दुसरं, लोकांनी फुकट दिलेले कपडे ही मंडळी विकतात कशी, गरिबाला तसेच देऊन का टाकत नाहीत. मी अशाच एका दुकानात आधी गिऱ्हाईक म्हणून गेले, मग शिकायला बसले आणि आता तिथलंच छाटणीचं, म्हणजे आलेले कपडे निवडून वेगळे करायचं, टेबल बघते, म्हणून जरा मोठं लिहिते, वेळ काढून वाचा.

विकायचं का, हे आधी सांगते कारण नोकरीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

मी काळाचौकीची. वडील मिलमध्ये होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, मी तेव्हा 9 वर्षांची. त्याच्या आधी आमच्या चाळीत बोहारीण यायची, जुने कपडे घ्यायची आणि स्टीलचं भांडं द्यायची, आई तिच्याशी तासभर हुज्जत घालायची, दोन साड्या घे, पँट घे, पण डबा झाकणाचा दे. संप लांबला तसे आईने तेच डबे एकेक करून विकले. मग कुणीतरी मैदानात कपडे वाटले, रांग लावून, मला एक फ्रॉक हातात दिला, बगलेत घट्ट होता, पण दुसरा द्या म्हणायची हिंमत आईला झाली नाही. घरी येऊन तिने बगल उसवून पट्टी लावली. देणाऱ्यांबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही, त्यांनी दिलं म्हणून मिळालं, पण फुकट घेणाऱ्याला माप विचारता येत नाही हे मला तेव्हापासून माहितीये.

आता आमच्या दुकानात काय होतं बघा. पाच घरची धुणीभांडी करणारी बाई दुपारी येते, रॅकवरचे चार ड्रेस काढते, ट्रायल रूममध्ये जाते, तीन परत ठेवते, चौथ्याची चेन अडकते म्हणून काउंटरवर दाखवते, आणि आमच्या मुलीला तो ड्रेस टेलरकडे देऊन चेन बदलून द्यावी लागते. दीडशे रुपयांत ती बाई नाक मुरडू शकते, रंग आवडला नाही म्हणू शकते, तीन दिवसांत पावती दाखवून बदलून नेऊ शकते. फूटपाथवर पण स्वस्त मिळतं, मान्य, पण तिथे घालून बघायला जागा कुठे असते, आणि बाईमाणसाला तर अजिबातच नाही. आमच्याकडे शर्ट 80 पासून, लहान मुलांचे कपडे 30 ते 50, जीन्स दीडशे, साडी दीडशे ते तीनशे, कुकर तपासून, नवीन गॅस्केट घालून साडेतीनशे.

आणि येतात कोण म्हणाल तर सगळेच. डिव्याला किंवा नालासोपाऱ्याला नवीन भाड्याने खोली घेतलेलं जोडपं एका फेरीत तवा, कढई, पातेली, बादली घेऊन जातं. जूनच्या आधी डिलिव्हरीवाली पोरं रेनकोटसाठी विचारून जातात. गुढीपाडव्याच्या आधी पंधरा दिवस कॉलेजच्या मुली शोभायात्रेसाठी नऊवारी शोधत येतात, नवीन घ्यायची तर परवडत नाही आणि वर्षातून एकदाच नेसायची असते, त्यामुळे नऊवारी दिसली की मी ती बाजूला काढून फेब्रुवारीपर्यंत जपून ठेवते. साडीवर ब्लाऊज मात्र मापाचा कधीच येत नाही, म्हणून टेलरकाकांचं मशीन दुकानातच ठेवलंय, फॉल-पिको, रफू, काज-बटण सगळं तिथेच होतं, आणि तिथेही एक मुलगी शिकायला बसलेली असते.

एक प्रश्न हमखास येतो, हळू आवाजात. मेलेल्या माणसाचे तर नाहीत ना? मी खोटं सांगत नाही. काही असतात. घरातलं माणूस गेल्यावर कपाट रिकामं करून लोक पिशव्या आणून देतात, बऱ्याचदा सगळ्यात नीट घडी घातलेली पिशवी तीच असते. सगळं धुतलेलं, वाफेची इस्त्री केलेलं असतं एवढं मी सांगते, पटलं तर घ्या, नाही पटलं तर शेजारच्या रॅकवर बघा. बहुतेक जण घेतात.

ही कल्पना काही आपली नवीन नाही. अमेरिकेत बोस्टनला एडगर हेल्म्स नावाच्या धर्मगुरूंनी 1902 मध्ये हेच केलं, श्रीमंत वस्तीतून जुने कपडे-सामान गोळा केलं, बेकार लोकांना मजुरी देऊन ते दुरुस्त करून घेतलं आणि स्वस्तात विकलं, त्यातून गुडविल ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे अंशू गुप्तांनी 1999 मध्ये दिल्लीत गूंज ही संस्था सुरू केली, त्यांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तिथे विकत नाहीत पण फुकटही वाटत नाहीत, गावातल्या लोकांनी मिळून विहीर खणायची, रस्ता दुरुस्त करायचा आणि त्या श्रमाच्या बदल्यात कपडे. पद्धत वेगळी असली तरी मुद्दा मला एकच दिसतो, घेणाऱ्याने मान खाली घालून घ्यायचं नाही.

आता पैसे जातात कुठे. आमची जागा ट्रस्टच्या मालकीची आहे म्हणून जमतं हे आधीच सांगते, मुंबईत भाडं भरून हे दुकान सहा महिने चालणार नाही. विक्रीतून टेलरचा पगार, लाइट बिल, धुलाई आणि शिकायला येणाऱ्यांचा महिन्याचा स्टायपेंड निघतो. कपडे फुकट वाटले असते तर त्या दिवशी शंभर घरांत कपडे गेले असते, पण शिकायला काउंटरच राहिलं नसतं.

आणि काउंटर लागतंच. वर्गात बसवून कुणाला सेल्स शिकवता येत नाही, निदान आमच्यासारख्यांना नाही. मी 2014 मध्ये मुलाची शाळेची पँट घ्यायला गेले होते, मिस्टरांचं युनिट बंद पडून चार महिने झाले होते, काउंटरमागे कागद चिकटवलेला की शिकाऊ बायका पाहिजेत. मी पण तेव्हा 41 चीच, तुमच्या बहिणीएवढी. विचारायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. तिथल्या मॅनेजर ताईंनी मला पहिले पंधरा दिवस फक्त छाटणीला बसवलं. पिशवी उघडायची आणि तीन ढीग करायचे, एक थेट विक्रीचा, एक दुरुस्तीचा, एक चिंधीचा. चिंधीतली बटणं, चेन, हुक आधी काढून डब्यात, मग चिंधी किलोवर गॅरेजवाले आणि प्रिंटिंग प्रेसवाले पुसायला घेऊन जातात. पावसाळ्यात आलेली पिशवी आधी नाकाने तपासायची, कुबट वास आला की वेगळी, नाहीतर एका शर्टाची बुरशी अख्ख्या रॅकला लागते. कॉलर आतून बघायची, काखेत डाग बघायचा, कापड चुरगाळून कॉटन आहे की मिक्स ते ओळखायचं. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी हे सगळं घरी वीस वर्षं करतच होते, फक्त ते काम आहे असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

त्यानंतर काउंटर. बिलिंग, हल्ली क्यूआर कोडवर पैसे खरंच जमा झालेत का ते गिऱ्हाईक जायच्या आत बघणं, रात्री कॅश जुळवणं, स्टॉक रजिस्टर, चिडलेल्या गिऱ्हाइकाशी न चिडता बोलणं, दोन-चार इंग्रजी वाक्यं. पहिल्या आठवड्यात माझी कॅश 40 रुपयांनी कमी आली, मी रडायला लागले, ताईंनी सगळ्या पावत्या माझ्यासमोर परत मोजल्या आणि चूक शोधून दाखवली, पगारातून कापले नाहीत.

पण खरं सांगू का, नोकरी अडते ती बऱ्याचदा कामावरून नाही, कागदावरून. आधारवर लग्नानंतरचं नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं, बँकेत तिसरंच काहीतरी. पीएफचा जुना नंबर हरवलेला. पोरगा सिक्युरिटीत लागू शकतो पण पोलीस व्हेरिफिकेशनला राहत्या पत्त्याचा पुरावा नाही. आमच्या ट्रस्टमध्ये एक दादा फक्त हेच बघतात, अर्ज भरून देतात, सोबत ऑफिसात जाऊन उभे राहतात. माझ्या हिशोबाने दुकानापेक्षा त्यांच्या टेबलाने जास्त लोकांना कामाला लावलंय.

एक रॅक इंटरव्ह्यूचा आहे. फॉर्मल पँट, फिकट रंगाचे शर्ट, साधे कुर्ते, काळे बूट. ज्याचा इंटरव्ह्यू ठरलाय त्याला ट्रस्टकडून कूपन मिळतं, ते घेऊन तो दुकानात येतो, इतरांसारखंच घालून बघतो, इतरांसारखंच बिल होतं, रांगेतल्या कुणाला कळत नाही की पैसे कूपनचे आहेत. हे बारीक वाटेल पण यासाठी आम्ही खूप भांडलोय, आधी कूपनवाल्यांना मागच्या खोलीतून कपडे द्यायचे आणि मला ते बघवत नव्हतं. काळ्या बुटांची मात्र कायम टंचाई. शर्ट ढगळा असला तर टेलरकाका टीप मारून बसवून देतात, बूट दोन नंबर लहान असेल तर कोण काय करणार. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी न वापरलेले काळे फॉर्मल बूट पडले असतील तर प्लीज जवळच्या अशा कुठल्याही संस्थेला द्या. पावती मिळेल, पण दानाची टॅक्स सूट फक्त पैसे दिले तरच असते, वस्तूंवर नसते, त्यावरून आमच्या मुलींशी वाद घालू नका.

मला स्वतःला तीन महिन्यांनी लगेच काही मिळालं नाही. पहिल्या इंटरव्ह्यूत त्या माणसाने कामाबद्दल एक अक्षर विचारलं नाही, मुलं किती, सासूबाई आजारी असतात का, सुट्ट्या किती घ्याल, एवढंच. बाहेर येऊन करी रोड स्टेशनच्या पुलावर मी अर्धा तास नुसती उभी होते. चौथ्या ठिकाणी एका सुपरमार्केटमध्ये लागले, कपड्यांच्याच सेक्शनला, तिथे दोन वर्षं काढली आणि मग ट्रस्टने छाटणीसाठी परत बोलावलं.

सगळ्यांचं असं होत नाही. काही जण स्टायपेंड संपला की येत नाहीत. एक मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून आला होता, फार हुशार, इलेक्ट्रिकचं सामान तोच तपासायचा, मिक्सर नुसता हातात घेऊन सांगायचा की बेअरिंग गेलंय, दोन महिने नियमित आला आणि एका सोमवारी आला नाही. त्याचा स्क्रू ड्रायव्हर अजून ड्रॉवरमध्ये आहे. आणि एक मुलगी, ऐकू येत नाही तिला, आज एका मोठ्या दुकानात स्टॉक सांभाळते, तिच्यामुळे आम्ही सगळे थोडे हातवारे शिकलो, आता तसं गिऱ्हाईक आलं की आमचं अडत नाही.

अजून एक वाद आहे तो पण सांगून टाकते. हल्ली इन्स्टाग्रामवर जुने कपडे विकणारी मुलं-मुली येतात, सकाळी दुकान उघडताच चांगले डेनिमचे जॅकेट उचलतात आणि चौपट भावात विकतात. मला फार राग यायचा, कारण ते जॅकेट ज्याला घालायला हवंय तो संध्याकाळी काम सुटल्यावर येतो आणि तेव्हा रॅक रिकामा. मग त्यातल्या एका मुलीशी बोलले तर कळलं की तिचं घरच त्यावर चालतं. म्हणजे तीही काम शोधणारीच की. आम्ही शेवटी एका माणसाला दिवसाला पाचच नग असं ठरवलं आणि निम्मा चांगला माल संध्याकाळी सहानंतर बाहेर काढतो. पूर्ण समाधान झालं नाहीये, पण राग गेला.

आता तुमच्या बहिणीचं. तिला एकटीला जाऊ दे, तुम्ही सोबत जाऊन तिच्या वतीने बोलू नका. तिने आधी गिऱ्हाईक म्हणून एक चक्कर मारावी, कुर्ता घालून बघावा, काउंटरवरच्या बायका एकमेकींशी कशा बोलतात ते बघावं. मग विचारावं की स्टायपेंड किती आणि तो लेखी देता का, मागच्या बॅचमधल्या कितीजणी आज कामावर आहेत, त्यातल्या एकीशी बोलायला मिळेल का, तीन महिन्यांनंतर काय, आणि शिकाऊ बाईला वर्षानुवर्षं शिकाऊच तर ठेवत नाहीत ना. नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नंबर आणि ऑडिट असतं, ते विचारायलाही लाजू नये. यावर कुणी टाळाटाळ केली किंवा स्टायपेंडशिवाय सहा-सहा महिने थांबायला सांगितलं तर सरळ निघून यावं, अशीही ठिकाणं आहेत आणि तुमची शंका तिथे बरोबरच आहे. नीट उत्तरं मिळाली तर आधार, पॅन, शाळेचा दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र आणि बँकेचं पासबुक एका फोल्डरमध्ये घालून न्यावं, मूळ आणि दोन-दोन झेरॉक्स, म्हणजे नावाचा घोळ असेल तर पहिल्या दिवसापासूनच त्याचं काम सुरू होईल. आणि डबा घेऊन जायला सांगा, छाटणीला बसलं की दोन कधी वाजतात कळत नाही.