दोन लहान मुलांच्या घरात रोजचं धुणं कमी कसं करता येईल?

तुम्ही लिहिलंय की एक मूल चार वर्षांचं, दुसरं दीड वर्षाचं. मशीन रोज लागतं, कधी दोनदा, तरी टोपली रिकामी दिसत नाही. मोठं मशीन घ्यावं का, असं तुम्ही विचारताय.

निदान या कारणासाठी तरी घेऊ नका. मोठ्या मशीनमुळे फेऱ्या कमी होतील, पण वाळत घालायचे, गोळा करायचे आणि घड्या घालायचे कपडे तेवढेच राहतील. माणूस दमतो तो त्यातच. आमच्याकडे तीन मुलं आहेत आणि धुण्याचं खातं माझ्याकडे आहे. माझं मत असं की धुणं वाढणार की आटणार हे कपडा अंगातून निघतो त्या क्षणी ठरतं. तो निघाल्यावर कुठे जाऊन पडतो यावर सगळं अवलंबून. बहुतेक घरांत कपड्याला दोनच जागा असतात, कपाट आणि धुण्याची टोपली. तासभर घातलेला शर्ट घडी करून कपाटात ठेवायला मन धजत नाही, मग तो टोपलीत जातो. त्याला तिसरी जागा द्या. भिंतीवर खुंट्या ठोका, मुलांच्या हाताला लागतील अशा उंचीवर, प्रत्येकाच्या दोन-तीन. घातलेला पण न मळलेला कपडा तिथे लटकेल आणि उद्या आधी तोच निघेल. खुर्चीचा उपयोग त्यासाठी करू नका. खुर्चीवर ढीग होतो, आणि ढिगातलं काय स्वच्छ नि काय मळकं हे दोन दिवसांनी कोणालाच सांगता येत नाही.

आता मळलं म्हणजे काय, हे ठरवून घ्या. मोठ्यांच्या घामाला जो वास येतो तो मुख्यतः काखेतल्या ज्या ग्रंथींमुळे, त्या वयात येताना कामाला लागतात. चार वर्षांच्या मुलाच्या शर्टाला तसा वास सहसा येतच नाही. त्यामुळे लहान मुलांच्या वरच्या कपड्यांचा निवाडा नाकापेक्षा डोळ्यांनी करावा. मी शर्ट खिडकीकडे धरतो. आधी छातीचा भाग बघायचा, कारण सगळी सांडलवंड तिथे होते. मग बाह्यांची टोकं, कारण नाक तिथे पुसलं जातं. मग गळ्याची आतली कड. पँटचे गुडघे आणि बसायची बाजू. एखादा ठिपका असेल तर ओल्या फडक्याने तेवढाच टिपून खुंटीला. दोन-तीन ठिकाणी डाग असतील किंवा कपडा दमट लागत असेल तर टोपलीत. दहा सेकंदांचं काम आहे. चड्ड्या, बनियन आणि मोजे यांना ही सवलत नाही, ते रोज धुवायचे.

तरी टोपलीत खरी जागा कोण अडवतं ते एकदा उपसून बघा. मुलांचे कपडे नगाने खूप, पण आकाराने चिमुकले. आंघोळीचा एक जाड टॉवेल वजनाला त्यांच्या पाच-सहा टीशर्टांइतका भरतो, आणि पाणी पिऊन त्याहून जड होतो. म्हणून सुरुवात टॉवेलांपासून करा असं मी सांगेन. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, शक्यतो वेगळ्या रंगाचा, म्हणजे "हा कोणाचा?" हा प्रश्न आणि त्यापाठोपाठ "जाऊ दे, धुवायला टाक" हे उत्तर, दोन्ही मिटतात. आंघोळ करून स्वच्छ झालेलं अंग पुसलेला टॉवेल तीन-चार वेळा वापरायला हरकत नाही, अट एकच, मधल्या वेळात तो पूर्ण वाळला पाहिजे. कुबट वास मळापेक्षा ओलाव्यामुळे येतो. ओल्या कापडात जंतू वाढतात. खुंटीला चुरगळून अडकवलेला टॉवेल घड्यांच्या आत दिवसभर ओला राहतो, दांडीवर पसरलेला काही तासांत वाळतो. मुलांना जाड, गुबगुबीत टॉवेल देऊच नका. पातळ टॉवेलने अंग तितकंच पुसलं जातं, तो लवकर वाळतो आणि मशीनमध्ये अर्धी जागा घेतो. स्वयंपाकघरातली फडकी मात्र वेळच्या वेळी बदला. आणि कोणाला त्वचेचा संसर्ग असेल तर त्याचा टॉवेल रोज, वेगळा.

टॉवेलांनंतर अंथरूण. रात्री एक मूल ओलं करतं आणि सकाळी चादर, पांघरूण, उशीचा अभ्रा, खालची दुलई असं अख्खं बिऱ्हाड मशीनपाशी येतं. यावर एक जुना उपाय आहे आणि तो चोख चालतो. गादीवर आधी मेणकापड किंवा पाणी न झिरपणारं आवरण घालायचं, त्यावर चादर. त्या चादरीवर पुन्हा एक आवरण, आणि त्यावर दुसरी चादर. रात्री दोन वाजता ओलं झालं की वरची चादर आणि तिच्याखालचं आवरण एकत्र ओढून काढायचं. खाली कोरडं, घातलेलं अंथरूण तयार असतं. दिवा लावायला नको, कपाट उघडायला नको. वरचं आवरण पूर्ण पलंगाचं असण्याचीही गरज नाही. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत पुरलं तरी झालं. पांघरूणही एकच जाड न देता दोन पातळ द्या, एक ओलं झालं तर दुसरं वाचतं.

दीड वर्षाच्या बाळाचा डायपर रात्री वारंवार गळत असेल तर आधी त्याचं माप बघा. बहुतेक वेळा तो लहान पडू लागलेला असतो. पुढचं माप घेतल्यावर गळती थांबल्याचं मी पाहिलंय. मांडीभोवतीची झालर आत दुमडलेली राहिली तरी गळतं, ती बोट फिरवून बाहेर काढायची. मुलगा असेल तर डायपर बांधताना शिश्न खालच्या दिशेला आहे ना ते पाहा, नाहीतर पोटाकडून गळतं आणि सदराही भिजतो. एवढ्याशा गोष्टीने रोज सकाळचे चार कपडे वाचतात.

दिवसा मुलांचे कपडे तीन-चारदा का बदलावे लागतात? खाणं, लाळ, पाणी आणि रंग. लाळेरं बदला, सदरा बदलू नका. लाळेरी भरपूर ठेवा, ती एवढीशी असतात. जेवताना बाह्यांचं, पुसता येणारं लाळेरं घाला, नाहीतर हवा उबदार असेल तर सरळ उघडं बसवा. अंग पुसणं शर्ट धुण्यापेक्षा सोपं. रंगकामाला मोठ्या माणसाचा जुना शर्ट, बटणं पाठीकडे. शर्टावर नुसतं पाणी सांडलं तर तो मळत नाही, ओला होतो. वाळत टाका आणि पुन्हा घाला. हे लिहिताना हसू येतं, पण आमच्या टोपलीत असे नुसते पाण्याने भिजलेले कपडे कितीतरी निघायचे.

आणखी एक चोरवाट आहे. मुलाला "कपडे आवर" म्हटलं की ते काय करतं ते लपून बघा. घडी घातलेले स्वच्छ कपडे कपाटात नीट लावण्यापेक्षा टोपलीत कोंबणं त्याला सोपं जातं, आणि तुम्ही तेच पुन्हा धुता. टोपलीत घडीची खूण असलेला कपडा सापडला तर समजा. चार वर्षांच्या मुलाला कपाटाचा एकच खालचा कप्पा द्या, त्यात चार-पाच जोड, बाकीचे वरती, त्याच्या हाताबाहेर. हवा तो शर्ट शोधताना सगळा कप्पा जमिनीवर येतो हेही त्यामुळे आटोक्यात राहतं.

"निम्मे कपडे काढून टाका, धुणं निम्मं होईल" असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मला तो पटत नाही. कपडे कमी असले की मशीन अर्धं भरलेलं असतानाच लावावं लागतं, कारण उद्याला चड्डी नसते. पोट बिघडलेल्या मुलाच्या घरात तर तो सल्ला एका रात्रीत कोसळतो. आठवडाभर पुरतील एवढे जोड असू द्यात, जास्तीचे बांधून ठेवा. रात्रीचे कपडे असा वेगळा संसारही मांडू नका. मऊ सुती विजार आणि टीशर्ट रात्री चालतो आणि घरातल्या घरात दिवसाही चालतो.

मोठ्यांनीही थोडं बघावं. जीन्सवर बाळाचा चिकट हात लागला म्हणून अख्खी जीन्स मशीनमध्ये जाते. ओलं फडकं पुरतं. बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढताना खांद्यावर कापड टाका. लोकरीचे कपडे हवेवर टाकले की त्यांचा वास जातो, ते दर वेळी धुवायची गरज नसते.

मशीनबद्दल थोडक्यात. पुढून उघडणारं असेल तर कपडे भरल्यावर ड्रमच्या वरच्या बाजूला हाताची मूठ शिरेल एवढी जागा राहू द्या. ठासून भरलं तर कपडे आपटत नाहीत, साबण निघत नाही आणि तोच घाणा पुन्हा धुवावा लागतो. डिटर्जंट जास्त घालूनही हेच होतं. जास्त फेसाने कपड्यांचं एकमेकांवर घासणं कमी होतं, आणि उरलेला साबण कापडात राहून मळ धरतो. टॉवेलांना आणि कापडी लंगोटांना सॉफ्टनर नको, त्यांची पाणी शोषायची ताकद कमी होते. दूध, रक्त, अंडं यांचे डाग आधी थंड पाण्यात. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं घट्ट बसतात आणि मग दुसऱ्यांदा धुणं आलंच. लघवीची चादर टोपलीत साठवू नका, लगेच खळबळून पिळून ठेवा, नाहीतर अमोनियाचा वास शेजारच्या कपड्यांनाही लागतो.

घड्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचे रविवार तिथेच जात असणार. शक्य असेल तेव्हा एका घाण्यात एकाच मुलाचे कपडे धुवा. गडद आणि फिके वेगळे काढण्यापेक्षा मला हे जास्त उपयोगी वाटतं, कारण वाळल्यावर निवडत बसावं लागत नाही. रंग जाणारे नवे कपडे तेवढे बाजूला. चड्ड्या, मोजे, लाळेरी यांच्या घड्या घालायच्याच नाहीत, डब्यात टाकून द्यायच्या. दीड वर्षाच्या बाळाच्या लंगोटाला इस्त्रीसारखी घडी घालून कोणाचं भलं होत नाही.

काटकसर करायची नाही असे दोन-तीन प्रकार आहेत. उलटी-जुलाबात खराब झालेलं सगळं लगेच, वेगळं, आणि कापडाला चालत असेल तर ६० अंशांवर धुवा. खरूज निघाली तर त्याच तापमानाला अंथरूण-पांघरूण आणि घातलेले कपडे. कोणाला धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असेल तर चादरी आणि अभ्रे आठवड्याला, गरम पाण्यात.

एक सूचना पुढच्यासाठी. धाकट्याचा डायपर सोडवायला घ्याल तेव्हा काही आठवडे धुणं पुन्हा वाढेल, त्याला इलाज नाही. तो काळ जमलं तर हवा कोरडी असताना निवडा. बटणं-पट्ट्यांचे कपडे तेव्हा बाजूला ठेवा. पटकन खाली ओढता येईल अशी इलॅस्टिकची पातळ चड्डी घाला, आणि बसायच्या जागी चादरीऐवजी छोटी दुपटी अंथरा. दुपटं बादलीत खळबळून दोरीवर टाकता येतं, त्यासाठी मशीन लावावं लागत नाही.