जुन्या पीएलसीचं लॅडर सॉफ्टवेअर शिकायला सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की मेंटेनन्समध्ये नवीन आहात, एका मशीनवर अ‍ॅलन-ब्रॅडलीचा एसएलसी ५०० हा पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) आहे, दुसऱ्यावर मित्सुबिशीचा एफएक्स२एन. त्यांची सॉफ्टवेअर, आरएसलॉजिक्स ५०० आणि जीएक्स डेव्हलपर, दोन्ही उघडता येतात, मेनू पाठ झालेत, पण लॅडर, म्हणजे शिडीसारख्या ओळींत मांडलेला प्रोग्रॅम, समोर आला की काहीच उलगडत नाही. हे शिकण्यात वेळ घालवावा की थेट नवीन सॉफ्टवेअरकडे जावं, असाही तुमचा प्रश्न आहे.

जरूर शिका. पण मेनू आता पुरे. या सॉफ्टवेअरमध्ये खरं शिकायचं असतं ते त्या पीएलसीच्या मेमरीची मांडणी. आजच्या कंट्रोलरमध्ये ‘पंप_चालू’ असं नाव देऊन काम होतं. जुन्यात नुसता पत्ता असतो: आय:१/० किंवा एक्स०. पत्ता बघून तो कुठल्या टर्मिनलवर जातो आणि तिथे काय जोडलंय हे सांगता आलं, की प्रोग्रॅम आपोआप बोलायला लागतो.

एसएलसीमध्ये सगळी मेमरी फाइलींमध्ये वाटलेली असते. ओ० आउटपुट, आय१ इनपुट, एस२ स्टेटस, बी३ अंतर्गत बिट्स, टी४ टायमर, सी५ काउंटर, एन७ पूर्णांक. आय:१/० म्हणजे स्लॉट १ मधल्या कार्डाचा शून्य क्रमांकाचा इनपुट. एफएक्समध्ये एक्स इनपुट, वाय आउटपुट, एम अंतर्गत रिले, टी टायमर, सी काउंटर, डी डेटा. इथे एक गोष्ट सुरुवातीला हमखास अडवते. एफएक्सचे एक्स आणि वाय अष्टमान पद्धतीने मोजतात, म्हणून एक्स७ नंतर थेट एक्स१० येतो. एक्स८, एक्स९ शोधत बसू नका, ते नसतातच. एसएलसीत मात्र ० ते १५ सरळ मोजणी. आणि कधी पीएलसी-५ वर काम करायची वेळ आली तर तिथले इनपुट-आउटपुट पुन्हा अष्टमान, कंपनी तीच असूनही.

आता एक ओळ जवळून बघू, साधी मोटर चालू-बंद करण्याची. चालूचं बटण आय:१/०, बंदचं आय:१/१, कॉन्टॅक्टर (मोटरला वीज देणारा स्विच) ओ:२/०. लॅडरमध्ये आय:१/० चा कॉन्टॅक्ट (बिट तपासणारं चिन्ह), त्याला समांतर ओ:२/० चा कॉन्टॅक्ट, पुढे आय:१/१ चा कॉन्टॅक्ट, शेवटी ओ:२/० ची कॉइल (बिट लिहिणारं चिन्ह). बंदच्या बटणाचा कॉन्टॅक्ट स्क्रीनवर एनओसारखा (एरवी तुटलेला) दिसतो आणि नवीन माणूस तिथेच अडखळतो, कारण पॅनेलच्या ड्रॉईंगवर तेच बटण एनसी (एरवी जोडलेलं) आहे. दोन्ही बरोबर आहे. बटण एनसी जोडलंय म्हणून कोणी हात लावला नाही तरी इनपुटला पुरवठा मिळतो, बिट १ असतो, आणि ‘१ असेल तर पुढे जा’ ही सूचना खरी ठरते. बटण दाबलं किंवा वायर तुटली की बिट ० होतो आणि मोटर थांबते. म्हणजे स्क्रीनवरचं चिन्ह बटणाचं चित्र नसून बिटाला विचारलेला प्रश्न आहे. ही एक गोष्ट पक्की झाली की निम्मा गोंधळ संपतो. मशीन थांबलेलं असताना इनपुट कार्डाचे एलईडी बघा, ऑनलाइन जाऊन (लॅपटॉप पीएलसीला जोडून) तेच बिट स्क्रीनवर बघा, ताळा लावा.

टायमरचंही तसंच. एफएक्स२एनमध्ये टी० समोर के५० (म्हणजे ५० हा आकडा) लिहिलं तर ५ सेकंद, टी२०० समोर तेच के५० लिहिलं तर अर्धा सेकंद. टी० ते टी१९९ हे १०० मिलिसेकंदांचे, टी२०० ते टी२४५ हे १० मिलिसेकंदांचे. म्हणजे वेळ किती हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही, टायमरचा क्रमांकही बघावा लागतो. एसएलसीत टाइम बेस टायमरच्या चौकटीतच लिहिलेला असतो, तिथे प्रीसेटला (ठरवून दिलेल्या आकड्याला) त्याने गुणायचं.

वाचताना वरून खाली जाऊ नका. ज्या आउटपुटची तक्रार आहे तिथून उलटं जा. समजा सोलेनॉइड उठत नाही. त्याची कॉइल शोधा, तिच्या ओळीतला कुठला कॉन्टॅक्ट खोटा (अट पूर्ण न झालेला) आहे ते ऑनलाइन बघा, मग तो बिट कुठे तयार होतो ते क्रॉस रेफरन्समध्ये (कुठला पत्ता कुठेकुठे वापरलाय त्या यादीत) शोधा, आणि असं करत एखाद्या खऱ्या इनपुटपर्यंत पोहोचा. बहुतेक वेळा शेवटी एखादा सरकलेला प्रॉक्सी (वस्तू जवळ आली की ओळखणारा सेन्सर) किंवा अडकलेला लिमिट स्विच निघतो. क्रॉस रेफरन्समध्ये एकाच आउटपुटची साधी कॉइल दोन ठिकाणी दिसली तर थांबून विचार करा. पीएलसी आधी इनपुट वाचतो, मग प्रोग्रॅम क्रमाने चालवतो आणि त्यानंतर आउटपुट लिहितो (ही एक फेरी म्हणजे स्कॅन), त्यामुळे खालची कॉइल वरचीचा निकाल पुसते. वरची ओळ हिरवी दिसत असते आणि आउटपुट मात्र मेलेला असतो.

पण हे सगळं करण्याआधी बॅकअप. पीएलसीतून लॅपटॉपमध्ये येतो तो अपलोड, लॅपटॉपमधून पीएलसीत जातो तो डाउनलोड. जीएक्स डेव्हलपरमध्ये ‘रीड फ्रॉम पीएलसी’ आणि ‘राइट टू पीएलसी’. दिशा चुकली तर चालता प्रोग्रॅम पुसला जातो, तेव्हा बटण दाबण्याआधी दिशा मोठ्याने म्हणा, कोणी हसलं तरी चालेल. आणि एसएलसी आपल्या मेमरीत नावं किंवा टिपा ठेवत नाही. एफएक्स२एनमध्येही पॅरामीटरमध्ये जागा राखली असेल तरच टिपा राहतात, बहुधा राखलेली नसते. म्हणून मशीनसोबत आलेली मूळ फाइल सोन्याच्या मोलाची. जुन्या सीडी, कपाटं, निवृत्त झालेल्या सहकाऱ्यांकडच्या प्रती, सगळीकडे विचारा. ती सापडली तर आरएसलॉजिक्समध्ये अपलोड करताना नवीन फाइल बनवण्याऐवजी तीच फाइल निवडा, म्हणजे टिपा जागेवर राहतात. नाहीच सापडली तर ड्रॉईंग आणि फेरूल नंबर (वायरींवरचे क्रमांक) घेऊन एकेका पत्त्याला नाव तुम्हीच द्या. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण मी शिकलो ते यातच आणि माझ्या मते याहून चांगला अभ्यास नाही. सीपीयूवर बॅटरीचा दिवा लागलेला असेल तर बॅकअप आजच घ्या.

जोडणीत बराच वेळ जातो, म्हणून थोडं सांगतो. एसएलसीचा प्रोसेसर कुठला ते आधी बघा. ५/०१ आणि ५/०२ वर फक्त डीएच-४८५ (त्याच कंपनीच्या नेटवर्कचा पोर्ट) असतो आणि त्याचं सॉकेट हुबेहूब इथरनेटसारखं दिसतं. तिथे इथरनेटची केबल लावू नका, त्यात पुरवठ्याच्याही पिना असतात. त्यासाठी १७४७-यूआयसी हा यूएसबी कन्व्हर्टर मिळतो. ५/०३ पासून पुढे आरएस-२३२ चा पोर्ट असतो, आरएसलिंक्समध्ये (लॅपटॉप आणि पीएलसीची जोडणी सांभाळणारं सॉफ्टवेअर) डीएफ१ चा, म्हणजे सिरीयल जोडणीचा, ड्रायव्हर घेऊन ऑटो कॉन्फिगर करा. इथरनेट फक्त ५/०५ ला. एफएक्स२एनचा गोल पोर्ट आरएस-४२२ आहे, त्याला एससी-०९ केबल लागते. यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर वापरत असाल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा क्रमांक १ ते ४ मध्ये आणून ठेवा. आणि सॉफ्टवेअर ज्या जुन्या लॅपटॉपवर चालतंय तो फॉरमॅट करू नका. जुने परवाने त्या डिस्कवरच बसवलेले असतात, मूळ फ्लॉपी बहुधा गेलेली असते.

सराव चालत्या मशीनवर नको. जीएक्स डेव्हलपरसोबत सिम्युलेटर बसवता येतो. त्यात एफ५ ने एनओ, एफ६ ने एनसी, एफ७ ने कॉइल टाका आणि एफ४ दाबून कन्व्हर्ट करा. कन्व्हर्ट होईपर्यंत ओळ राखाडी राहते. एसएलसीच्या सरावासाठी, अ‍ॅलन-ब्रॅडलीच्याच छोट्या पीएलसींकरता (मायक्रोलॉजिक्स १००० आणि ११००) त्यांच्या मालक कंपनीने, रॉकवेलने, मोफत दिलेली आरएसलॉजिक्सची मायक्रो स्टार्टर लाइट आवृत्ती मिळाली तर बघा. चेहरामोहरा आणि पत्त्यांची पद्धत जवळपास तीच.

फोर्सबद्दल (बिट जबरदस्तीने ० किंवा १ करण्याबद्दल) एवढंच, की शिकत असताना वापरू नका. फोर्स केलेला आउटपुट लॉजिकमधले इंटरलॉक (सुरक्षेसाठी घातलेल्या अटी) जुमानत नाही, आणि मशीनजवळ माणूस उभा असू शकतो. एसएलसीच्या सीपीयूवर फोर्सचा दिवा लागलेला दिसला तर आधी कोणी, का लावला ते विचारा.

नवीन सॉफ्टवेअर नंतर शिकाच, पण क्रम बदलू नका असं मला मनापासून वाटतं. स्कॅन, बिट आणि एनसी वायरिंगचं गणित तिथेही हेच आहे. शिवाय जुनी मशीनं एकदम निघत नाहीत. कधीतरी ती नव्या कंट्रोलरवर न्यायची ठरतील, तेव्हा जुना प्रोग्रॅम वाचून त्यातली प्रत्येक अट कशासाठी आहे हे सांगणारा माणूस लागेल. आधी एफएक्सचं मशीन घ्या, त्याचे सगळे एक्स आणि वाय एका तक्त्यात लिहून काढा, आणि अडलात तर ती ओळ इथे टाका, मी बघतो.